सत्तर टक्के खडी

पन्नाशी ओलांडली की माणसाला काही ना काही होतंच. कोणाला साखर होते, कोणाला रक्तदाब होतो. नकाशेसाहेबांना सायकल झाली.

'नकाशे' हे त्यांचं आडनाव नव्हे. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, नकाशा विभागात ते एकतीस वर्षं काम करत होते, म्हणून सगळी इमारत त्यांना नकाशेसाहेब म्हणायची. काम तसं सरळ होतं. काचेच्या टेबलावर जुना नकाशा पसरायचा, खालून दिवा लावायचा, वर पातळ कागद ठेवायचा आणि रेघ न् रेघ उतरवून काढायची. पक्का रस्ता म्हणजे सलग दुहेरी रेघ, कच्चा रस्ता म्हणजे तुटक दुहेरी रेघ. सगळं झालं की उजव्या कोपऱ्यात खाली 'आरेखन' अशी एक बारकी चौकट असते, तिच्यात ते आपलं पूर्ण नाव लिहीत. मग नकाशा छापायला जाई, तिथे कडा सारख्या करताना नेमकी ती चौकट कापली जाई, आणि नकाशा वरिष्ठांच्या सहीनिशी जगात जाई. एकतीस वर्षांत शेकडो नकाशे निघाले, नाव एकावरही नाही. याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते नेहमी म्हणत. इतक्या वेळा म्हणत, की बाईंनी मोजणं सोडून दिलं होतं.

बाई म्हणजे त्यांची बायको. त्या शाळेत गणित शिकवत, आणि अर्धी वस्ती त्यांच्या हातचे फटके खाऊन मोठी झालेली असल्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणत. नकाशेसाहेबही म्हणत. घरात उत्तर चुकलं तर रीत लिहून दाखवावी लागे.

सायकल घेण्याचं कारण साधं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण चालणाऱ्या माणसाला कोणीही थांबवतं, "काय, फिरायला?" असं विचारतं आणि "हो" म्हटलं की स्वतःच्या गुडघ्यांची हकीकत सुरू करतं. सायकलवरच्या माणसाला असं थांबवता येत नाही. तेव्हा नकाशेसाहेबांनी जाड टायरची एक सायकल घेतली आणि तीन महिने ते घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून घरापर्यंत अगदी नेमस्तपणे ये-जा करत राहिले. गोष्ट इथेच थांबली असती तर एका सरकारी खात्याची झोप मोडली नसती. पण एका संध्याकाळी ते हवा भरायला सायकलवाल्याकडे गेले, आणि तिथे भिंतीवर एक सूचना चिकटवलेली होती.

सायकल मंडळ एक पुस्तक काढणार होतं. डांबरी रस्ते सोडून खडी, मुरूम आणि मातीवरून जाणाऱ्या निवडक मार्गांचं. अटी तीन होत्या. मार्ग बरोबर चाळीस किलोमीटरचा हवा. त्यातला निदान सत्तर टक्के बिनडांबरी हवा. आणि रस्ता ज्या खात्याचा, त्या खात्याचा दाखला हवा. मंडळाचा परीक्षक स्वतः तो मार्ग सायकलने पार करून बघणार, आणि पसंत पडलेल्या मार्गाचा नकाशा पुस्तकात छापणार. शेवटची ओळ अशी होती : 'नकाशावर मार्ग आखणाऱ्याचे पूर्ण नाव राहील.'

ती ओळ नकाशेसाहेबांनी तीनदा वाचली. सायकलवाल्याला वाटलं, यांना दिसत नाही. त्याने दिवा लावला.

त्या रात्री जेवणाची ताटं लवकर उचलली गेली आणि टेबलावर नकाशा आला. नकाशेसाहेबांनी बाईंच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, ओला केला आणि तुटक रेघांवरून वळणावळणाने बसवायला सुरुवात केली. दोरा सरळ केला की मोजपट्टीवर अंतर कळतं, ही त्यांच्या विभागाची जुनी रीत. एकतीस वर्षं त्यांनी या तुटक रेघा उतरवल्या होत्या, पण त्या जातात कुठे, हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आता बोटाखालून एकेक ठिकाण सरकू लागलं. गावाबाहेरचा पूल, मग नदीच्या डाव्या काठाचा बांध, बंद पडलेलं पंपघर, बोरूचं बेट, पलीकडे नेणारी नाव, मग मिठागरं, आणि शेवटचे चार किलोमीटर थेट नदीच्या मुखाशी, जिथे एक लहानशी वस्ती आणि एक दीपगृह होतं.

"बाई!" ते ओरडले. "ही नदी समुद्राला मिळते!"

"मिळणारच," वह्या तपासता तपासता बाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे जाईल?"

पण पुढचा हिशेब बाईंनीच करून दिला. एकूण चाळीस. बिनडांबरी तीस. म्हणजे पंचाहत्तर टक्के. "सत्तर लागतात, पाच हातचे आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून हे इतक्या कौतुकाने आलं, की नकाशेसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता राहत्या इमारतीत अशी गोष्ट लपून राहत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मॅनेजर राहत. कसले मॅनेजर ते कोणालाच माहीत नव्हतं, पण सल्ला देण्याची त्यांची पद्धत मॅनेजरचीच होती. ते दार न वाजवता यायचे आणि पहिल्या वाक्यापासून उभ्यानेच बोलायचे. "टायर दगडासारखे टणक पाहिजेत. हवा ठासून भरा," असं ते म्हणाले. सायकलवाला म्हणत होता, "खडीवर हवा कमीच बरी, साहेब." नकाशेसाहेब दोघांनाही दुखवू शकत नव्हते. ते सकाळी मॅनेजरांच्या देखत हवा भरत आणि कोपरा ओलांडला की निम्मी सोडून देत.

कपड्यांचा प्रश्न याहून नाजूक निघाला. सायकलवाल्याने एक आखूड, घट्ट, बुडाशी गादी शिवलेली चड्डी दिली. "हिच्याशिवाय चाळीस किलोमीटर म्हणजे नंतर आठ दिवस उभ्याने जेवावं लागेल," असं तो म्हणाला. ती धुऊन दोरीवर वाळत पडली, तेव्हा समोरच्या गच्चीतल्या तीन कुटुंबांनी तिचं निरनिराळं निदान केलं. एका आजीबाईंनी तर बाईंना जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलं, "यांचं ऑपरेशन कधी झालं?" त्या दिवसापासून नकाशेसाहेब चड्डीवर कचेरीची पँट घालू लागले. माणसाने छंद करावा, पण हुद्दा सांभाळून करावा, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या पाहणीला ते एका रविवारी पहाटे निघाले, आणि तो दिवस त्यांच्या आयुष्यातला फार मोठा दिवस ठरला. बांधावर चढल्याबरोबर टायरखाली खडी बोलायला लागली. करकर, करकर, मध्येच मुरुमावर मऊ, मग पुन्हा करकर. उजवीकडे नदी रुंद होत चालली होती. बोरूच्या बेटातून शेकडो पक्षी एकदम उठले आणि नकाशेसाहेब भर बांधावर एकटेच "अरे वा! अरे वा!" असं ओरडू लागले. नाव आली, नावाड्याने सायकल आडवी ठेवून घेतली, पाण्याचा वास बदलला, तोंडावर खारा वारा आला. हे सगळं आपण काचेच्या टेबलावर काळ्या शाईने काढत होतो, या विचाराने त्यांनी उगाचच दोनदा घंटी वाजवली.

मात्र नकाशात भरती-ओहोटी नसते. मिठागरांमधला रस्ता दिवसातून दोनदा बुडतो, हे त्यांना मिठागराच्या मधोमध कळलं. चारी बाजूंनी पाणी आलं. एका उंचवट्यावर तीन म्हशी आधीच जाऊन बसल्या होत्या, त्या बहुतेक रोजच्या असाव्यात. नकाशेसाहेब सायकल खांद्यावर घेऊन त्यांच्यात जाऊन उभे राहिले. चार तास. चौथ्या तासाला एका म्हशीने त्यांच्या पँटचा खालचा काठ चघळून पाहिला आणि नापसंतीने सोडून दिला. घरी पोचले तेव्हा ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते, ऊन लागून नाक सोललं होतं, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, की बाईंनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"बाई, रस्ता बुडतो! आणि परत वर येतो!"

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर भरतीचं वेळापत्रक लागलं. शाळेचं वेळापत्रक खाली सरकलं, ही त्या घरात अभूतपूर्व गोष्ट होती.

आता राहिला दाखला. बांधाचा सव्वीस किलोमीटरचा भाग पाटबंधारे खात्याचा होता. तिथला कारकून जुन्या ओळखीचा, त्याने चहा संपायच्या आत शिक्का मारून दिला. शेवटचे चार किलोमीटर, वस्तीला जाणारे, रस्ते खात्याचे होते. तिथे ओळख नव्हती. तिथे अर्ज करावा लागणार होता. आणि अर्ज म्हटल्यावर नकाशेसाहेबांच्या बोटांना खाज सुटली, कारण रेघांखालोखाल त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो त्यांच्या कचेरीतल्या मराठीचा.

"साधं लिहा," बाई म्हणाल्या. "हा रस्ता खडीचा आहे, असा दाखला द्या. संपलं."

"अहो बाई, असं लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही," नकाशेसाहेब म्हणाले, आणि रात्र जागून त्यांनी एक मसुदा केला. सकाळी तो मॅनेजरांनी उभ्या-उभ्या वाचला. त्यांनी तीन सुधारणा केल्या. "'दाखला मिळावा' हे वाक्य काढा. 'मिळावा' म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं. शेवटी कार्यवाही आहेच, त्यात दाखला आलाच. आणि 'तातडीने' नसेल तर अर्ज टोपलीत गेलाच म्हणून समजा. खाली प्रती लिहा. सात जणांना. वरपासून." नकाशेसाहेबांना तिन्ही सुधारणा पटल्या, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत प्रभावी दस्तऐवज तयार झाला. तो असा होता :

'विषय : खडीबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर रस्त्याच्या शेवटच्या चार किलोमीटर अंतरात निव्वळ खडी आहे. डांबराचा लवलेशही आढळून येत नाही. सायकलस्वारास प्रत्येक वळणावर खडीचा प्रत्यय येतो. अशी खडी इतरत्र क्वचितच पाहावयास मिळेल. तरी सदर बाबीची तातडीने दखल घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली सात प्रती.

बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "यात तुम्हाला नक्की काय हवंय ते कुठेच नाही."

"ते अध्याहृत आहे," नकाशेसाहेब म्हणाले.

तीन आठवडे काही आलं नाही. त्यांना काळजी वाटली नाही. खात्याच्या गतीचा त्यांना अनुभव होता, शिवाय मार्गाचा आराखडा त्यांनी मंडळाकडे देऊन टाकला होता आणि "दाखला परीक्षेच्या दिवशी दाखवला तरी चालेल," असं मंडळाने कळवलं होतं. परीक्षा येत्या रविवारी होती. गुरुवारी रजा टाकून ते शेवटची पाहणी करायला निघाले. बांध, नाव, मिठागरं, सगळं जागच्या जागी. मग वस्तीच्या रस्त्याला लागले, आणि करकर बंद झाली.

सायकल एकदम मुकाट चालायला लागली. खाली काळं, गुळगुळीत, गरम असं काहीतरी होतं. पुढे धूर दिसत होता. धुरात एक रोलर मागे-पुढे करत होता, आणि त्याच्या बाजूला खात्याचा एक कर्मचारी घाम पुसत उभा होता.

"हे काय चाललंय?" नकाशेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"डांबरीकरण," तो म्हणाला. "कुणीतरी जबरदस्त अर्ज केलाय म्हणे. सात ठिकाणी. वरून फोनवर फोन. रोज अर्धा किलोमीटर झालाच पाहिजे, सुट्टी नाही, रविवारीसुद्धा."

एक किलोमीटर झाला होता. नकाशेसाहेबांनी उरलेल्या खडीकडे पाहिलं, डांबराकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ सायकलच्या घंटीकडे पाहत राहिले.

शुक्रवारी सकाळी ते रस्ते खात्याच्या उपअभियंत्यांसमोर बसले होते. टेबलावर फायली होत्या, आणि सर्वांत वर एक नवीकोरी जाड फाइल होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'खडीबाबत'.

"म्हणजे तुम्हीच का ते!" उपअभियंते अर्धवट उठलेच. "साहेब, काय अर्ज लिहिलात हो!"

"पण मी तक्रार केली नव्हती," नकाशेसाहेब म्हणाले. "मी खडीची स्तुती केली होती."

उपअभियंते खाली बसले. "स्तुती," ते म्हणाले. "मी या खुर्चीत सतरा वर्षं आहे. या खात्याकडे स्तुती येत नाही. आलीच, तर ती कुठल्या नोंदवहीत चढवायची, याचीसुद्धा सोय नाही. आणि शेवटी 'योग्य ती कार्यवाही' कोणी लिहिलं? स्तुतीवर काय कार्यवाही करतात?"

एकतीस वर्षांत नकाशेसाहेबांनी कुठलाही कागद दुसऱ्या कुठल्या वाक्याने संपवलाच नव्हता. एकदा बाईंच्या भावाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतानाही ते वाक्य त्यांच्या हातून गेलं होतं.

"'अशी खडी इतरत्र क्वचितच पाहावयास मिळेल', हे आमच्या वरिष्ठांना फार लागलं," उपअभियंते पुढे म्हणाले. "दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. आता काम थांबवायचं तर एकच मार्ग. अर्जदाराने अर्ज मागे घेतला, की फाइल बंद आणि काम जिथे असेल तिथे बंद. पण ते प्रत्यक्ष जागेवर, माझ्यासमोर. आणि आज-उद्या मला बैठका आहेत. रविवारी सकाळी मी रस्त्यावरच असेन."

घरी बाईंनी पेन्सिल घेतली. पूर्ण चार किलोमीटर डांबर झालं तर बिनडांबरी उरतात सव्वीस. म्हणजे पासष्ट टक्के. नापास. पण रोज अर्धा किलोमीटर धरला, तर शनिवारी संध्याकाळी डांबर बरोबर दोन किलोमीटरवर पोचणार. रविवारी सकाळी तिथेच थांबवलं तर बिनडांबरी राहतात अठ्ठावीस. चाळिसातले अठ्ठावीस.

"सत्तर," बाई म्हणाल्या. "बरोबर सत्तर. दशांशचिन्हसुद्धा नाही." आणि गणित सुटल्याच्या आनंदात त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

रविवार उजाडला. मंडळाच्या परीक्षक म्हणजे दातांच्या एक डॉक्टर होत्या, काटक, चपळ, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघायची सवय असलेल्या. नकाशेसाहेबांची उजवीकडची एक दाढ कधीच गेली होती. ते दिवसभर ओठ मिटून बोलले. बाई स्कूटरवरून डांबरी रस्त्याने पुढे जाऊन वस्तीच्या फाट्यावर भेटणार होत्या. मॅनेजर गच्चीतून "हवा ठासून!" असं ओरडले. अर्ज मागे घेण्याचा अर्ज, तीन प्रतींत, नकाशेसाहेबांच्या वरच्या खिशात होता.

आणि काय सांगायचं! मार्ग फुलला होता. ओहोटी वेळेवर, नाव वेळेवर, म्हशी आपल्या जागी. बोरूतून पक्षी उठले तेव्हा डॉक्टर सायकलवर उभ्या राहिल्या. "नकाशेसाहेब, हे इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत?" त्या ओरडल्या. खडीची परीक्षा त्या आपल्या धंद्याप्रमाणे करत होत्या. "इथे पकड छान आहे. इथे थोडी पोकळी. ही जागा ठणकते, पण काढायची गरज नाही." पंपघराच्या उतारावर नकाशेसाहेबांच्या पँटचा पाय साखळीत गेला आणि गुडघ्यापर्यंत फाटला. ते पडले नाहीत. फाटका पाय झेंड्यासारखा फडफडवत ते तसेच पुढे गेले, आणि आपला हुद्दा काय, हे त्यांना त्या क्षणी आठवलंही नाही.

वस्तीच्या फाट्यावर बाई भेटल्या. डांबर सुरू झालं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली, त्यांनी मनगटावरच्या अंतर मोजणाऱ्या घड्याळात पाहायला सुरुवात केली. बरोबर दोन किलोमीटरवर काळं संपलं आणि पांढरी खडी पुढे निघाली. रोलर नुकताच सुरू झाला होता. उपअभियंते गाडीच्या टपावर कागद मांडून तयार होते.

"इथे थांबलं तर सत्तर," डॉक्टर म्हणाल्या. "एक हात पुढे गेलं तर मला नापास करावं लागेल. नियम माझा नाही."

"आणा, साहेब," उपअभियंत्यांनी हात पुढे केला.

नकाशेसाहेबांनी खिशात हात घातला. तेवढ्यात वस्तीच्या बाजूने एक बाई जवळजवळ धावतच आल्या. अंगावर पांढरा कोट होता. त्या वस्तीतल्या छोट्या दवाखान्याच्या नर्सबाई होत्या.

"अर्जदार आलेत म्हणे? कोण? तुम्ही?" त्यांनी फाटक्या पँटकडे पाहिलं, पण त्यांचा आदर काही कमी झाला नाही. "तुमच्या अर्जाची प्रत खात्याच्या माणसांकडून मागून आमच्या दारावर लावलीय. मला पाठ आहे. 'डांबराचा लवलेशही आढळून येत नाही. प्रत्येक वळणावर खडीचा प्रत्यय येतो.' अकरा वर्षं आम्ही अर्ज करतोय हो. 'रस्ता खराब आहे, दुरुस्त करा', एवढंच लिहायचो. प्रत्यय वगैरे आम्हाला सुचलंच नाही."

"ते... ओघात आलं," नकाशेसाहेब पुटपुटले.

"ओघात कसं येईल? भोगल्याशिवाय कोणी असं लिहितं का?" नर्सबाई म्हणाल्या. "बाळंतपणाला बाईला या रस्त्याने गाडीतून न्यायची म्हणजे माझाच जीव जायची वेळ येते. गेल्या वर्षी दोघी वाटेतच मोकळ्या झाल्या. एक त्या वळणावर, एक पुढच्या. तुम्ही म्हणालात तसं, वळणावळणावर प्रत्यय. पोरं धडधाकट आहेत, नशीब. आता तिसरीचे दिवस भरत आलेत. रोज संध्याकाळी दारात येऊन विचारते, डांबर कुठवर आलं?"

रोलर थांबला होता. नकाशेसाहेबांना आपल्या त्या सुंदर अर्जाची मनापासून लाज वाटली. एकतीस वर्षं त्यांनी तुटक रेघा काढल्या होत्या, आणि तुटक रेघेच्या टोकाला कोणी राहत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पर्समधून पेन काढून पुढे केलं.

नकाशेसाहेबांनी खिशातला कागद काढला, उलटा केला, गाडीच्या टपावर ठेवला आणि लिहायला लागले. आणि लिहिता लिहिता त्यांना पुन्हा तो उत्साह चढला. पेन थांबेना. 'सदर काम दोन किलोमीटरवर येऊन ठेपले असून त्याची गती पाहता मन विषण्ण होते. रोज एक किलोमीटर करण्यात यावे. डांबर दवाखान्याच्या दाराशी न थांबता आतल्या आवारापर्यंत, गाडी वळविण्यास पुरेल इतके, घालण्यात यावे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' या वेळी वाक्याचा अर्थ त्यांना नीट माहीत होता.

उपअभियंत्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "प्रती किती जणांना?"

"सात," नकाशेसाहेब म्हणाले. "वरपासून."

"म्हणजे पासष्ट," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"पासष्ट," बाई म्हणाल्या. उत्तर बरोबर होतं.

मग डॉक्टरांनी समोरच्या पांढऱ्या रस्त्याकडे पाहिलं. "उद्या-परवा ही खडी राहणार नाही ना? मग उभे काय राहिलात! शेवटचे दोन किलोमीटर आहेत!" आणि त्यांनी पाय मारला. नकाशेसाहेब मागोमाग. बाईंनी स्कूटर खडीवर घातली, मागे नर्सबाई बसल्या, आणि प्रत्येक वळणावर त्या "प्रत्यय! प्रत्यय!" असं ओरडू लागल्या. करकर, करकर, दगड उडत होते, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, आणि शेवटच्या वळणावर नदी एकदम पसरून समुद्र झाली. नकाशेसाहेब तोंड उघडून मोठ्याने हसले. गेलेली दाढ डॉक्टरांना स्पष्ट दिसली.

दवाखान्याच्या पायरीवर बसून डॉक्टरांनी मंडळाचा फॉर्म भरला. मार्ग : नामंजूर. कारण : डांबर. मग त्या पुढच्या रकान्याशी थांबल्या. 'रस्त्याच्या सद्यःस्थितीस जबाबदार व्यक्ती अथवा संस्था.'

"रस्ते खातं लिहिते," त्या म्हणाल्या.

"खातं कशाला? माझं नाव लिहा."

"तुमचं? हा फॉर्म छापून सगळ्या सभासदांना जातो. स्वतःचा मार्ग स्वतःच बिघडवला, असं होईल ते."

"होऊ दे," नकाशेसाहेब म्हणाले. "मीच केलंय. पूर्ण नाव लिहा. वडिलांच्या नावासकट."

ते सांगत गेले आणि डॉक्टर लिहीत गेल्या. नकाशेसाहेब वाकून एकेक अक्षर कागदावर उतरताना बघत होते. आडनावाशी आल्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही वेलांटी दुसरी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी ती दुरुस्त केली.